केंटकीच्या दप्तरात एका बापाचा शोध

माझ्या सासूबाई इंडियानातल्या. त्यांच्या माहेरच्या घराण्याचा मूळ पुरुष १८३० च्या सुमारास केंटकीतून इंडियानात आला, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याचा बाप कोण, यावर दोन पिढ्या वाद चालू होता. सासूबाईंच्या आत्याचं म्हणणं, तो अमेरिकन क्रांतियुद्धात लढलेल्या एका सैनिकाचा मुलगा. त्यांच्या काकांचं म्हणणं, तो पोरका होता आणि नातलगांनी त्याला सांभाळलं. आत्यांनी आपलं म्हणणं टाइप करून, प्रती काढून सगळ्या भावंडांना वाटलं होतं, त्यामुळे तेच खरं ठरलं. काकांचं म्हणणं तोंडीच राहिलं.

पावणेदोन वर्षं मी आणि सासूबाईंनी मिळून या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. आता बाप सापडला आहे, आजोबा अजून धूसर आहे. इथे लग्न करून आलेल्या बऱ्याच मराठी मुलींना हा प्रश्न कधीतरी पडतोच. मुलांना शाळेत वंशावळ काढायला सांगतात, आपली बाजू छापील कुलवृत्तांतात सापडते आणि नवऱ्याची बाजू तीन पिढ्यांत थांबते. कुठून सुरुवात करायची ते कळत नाही, म्हणून जसं घडलं तसं लिहिते आहे. घराण्यातली माणसं हयात आहेत, तेव्हा आडनाव देत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये सुरुवात केली तेव्हा मी सासूबाईंना एकच अट घातली. सैनिकापासून खाली यायचं नाही, तुमच्यापासून वर जायचं. त्यांना हे थोडं जड गेलं, कारण सैनिकाचं नाव त्यांना लहानपणापासून पाठ होतं. पण एकेक पायरी कागदाने पक्की करत गेलं तरच वरची पायरी पाय ठेवण्याजोगी होते. त्यांच्या वडिलांचा मृत्यूचा दाखला, आजोबांचा दाखला, मग जनगणना.

अमेरिकेची जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते आणि ७२ वर्षांनी लोकांसाठी खुली होते, म्हणून सध्या १९५० पर्यंतची पाहता येते. १८९० ची बहुतेक पानं १९२१ च्या आगीत गेली. तिथे वीस वर्षांचं भगदाड आहे आणि त्याला उपाय नाही. १८८० च्या पानांवर प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईबापांचं जन्मस्थान लिहिलेलं असतं, ते फार उपयोगी पडतं. १८५० हे सगळ्यांत महत्त्वाचं वर्ष. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव त्या वर्षी पहिल्यांदा लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी सगळे वयोगटाच्या रकान्यांतले आकडे. मूळ पुरुष १८५० मध्ये इंडियानातल्या पुटनम काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा भाग) सापडला. वय ६४, जन्म व्हर्जिनिया. दहा वर्षांनी वय ७४, जन्म नॉर्थ कॅरोलायना. वय बरोबर वाढलं, जन्मस्थान बदललं. ही विसंगती मी वहीत लाल शाईने लिहून ठेवली. पुढे तिनेच वाट दाखवली.

खर्चाचं इथेच सांगून टाकते. यातलं बहुतेक काम फुकट होतं. फॅमिलीसर्च या संकेतस्थळाला पैसे पडत नाहीत. पैसे घेणाऱ्या मोठ्या संकेतस्थळाची ग्रंथालयासाठीची आवृत्ती सार्वजनिक ग्रंथालयात बसून वापरता येते, आम्ही सिनसिनाटीच्या ग्रंथालयात शनिवारी जात असू. फॅमिलीसर्चवरच्या काही प्रतिमा घरून उघडत नाहीत, कुलुपाचं चिन्ह दिसतं. त्याही संलग्न ग्रंथालयातल्या संगणकावर उघडतात. वर्गणी भरायची घाई करू नका.

केंटकीतून आला म्हणजे केंटकीतून नेमका कुठून? तिथे १२० काउंट्या आहेत. हे आम्हाला जमिनीच्या सनदेवरून कळलं. इंडियानातली जमीन सरकारची होती, ती सरकारी कार्यालयातून विकत घेता येई. १८२० नंतर दर एकरी सव्वा डॉलर होता. मूळ पुरुषाने क्रॉफर्ड्सव्हिलच्या कार्यालयातून ८० एकर घेतले, म्हणजे शंभर डॉलर मोजले. या सनदा आता केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतात. सनदेवर घेणाऱ्याचा त्या वेळचा पत्ताही लिहिलेला असतो. आमच्या सनदेवर होता केंटकीतल्या गॅरर्ड काउंटीचा. खाली राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांची सही. सासूबाईंना सहीचं अप्रूप, मला काउंटीचं.

आता सैनिकाकडे वळायला हरकत नव्हती, कारण तोही गॅरर्ड काउंटीचाच. क्रांतियुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, सुमारे ८०,००० अर्जदारांच्या. त्यांच्या मायक्रोफिल्मच्या प्रतिमा घरबसल्या पाहता येतात. जून १८३२ च्या कायद्याने मिलिशियात, म्हणजे स्थानिक नागरिकांच्या फौजेत, किमान सहा महिने सेवा केलेल्यांनाही पेन्शन दिली. त्यासाठी म्हाताऱ्या सैनिकाने कोर्टात उभं राहून ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यायची होती. कुठे आणि कधी जन्मलात, वयाचा काही पुरावा आहे का, भरती झालात तेव्हा कुठे राहत होता, त्यानंतर कुठे कुठे राहिलात. या फायली वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नाहीतर ज्याचा एक शब्दही उरला नसता असा शेतकरी तिथे स्वतःच्या आयुष्याची हकीकत सांगतो आणि कारकून ती उतरवून घेतो. आमच्या सैनिकाने सांगितलं की तो व्हर्जिनियातल्या ऑगस्टा काउंटीत जन्मला, लहानपणी बापाबरोबर नॉर्थ कॅरोलायनातल्या रोवन काउंटीत आला, १५ मार्च १७८१ ला गिलफर्ड कोर्टहाउसच्या लढाईत होता आणि युद्धानंतर केंटकीत आला.

व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना, दोन्ही एकाच घराण्यात! लाल शाईची नोंद आठवून मी रात्री अकरा वाजता सासूबाईंना फोन केला.

पण फाईल तिथे संपत नव्हती. १८३८ च्या कायद्याने, ज्यांचं लग्न १७९४ च्या आधी झालं अशा विधवांनाही पेन्शन मिळू लागली, आणि लग्नाचा पुरावा म्हणून कितीतरी बायकांनी घरच्या बायबलमधली नोंदीची पानंच फाडून वॉशिंग्टनला पाठवली. आमच्या सैनिकाच्या बायकोनेही पाठवलं होतं. लग्न १७८८, मग एकाखाली एक मुलं. मूळ पुरुषाच्याच नावाचा एक मुलगा यादीत होता, जन्म १७९१. आमचा जन्मला १७८६ च्या सुमारास. सासूबाई म्हणाल्या, जनगणनेत वय पाच वर्षांनी चुकू शकतं. चुकू शकतं हे खरंच आहे, त्या काळात वय अंदाजानेच सांगत. मग मी गॅरर्ड काउंटीची १८५० ची जनगणना काढली. तिथे त्याच नावाचा एक माणूस होता, वय ५९, जन्म केंटकी. आमचा मूळ पुरुष त्याच वर्षी इंडियानात जिवंत आहे, ६४ वर्षांचा. म्हणजे माणसं दोन. सैनिकाचा मुलगा कधी केंटकी सोडून गेलाच नाही. आणि एका बापाला एकाच नावाचे दोन जिवंत मुलगे सहसा नसतात.

सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आत्यांनी टाइप केलेला कागद त्यांनी घडी करून फायलीत मागे ठेवला. नव्याने शोध घेणाऱ्यांना एवढंच सांगते की इंटरनेटवर तयार वंशवृक्षांचा सुळसुळाट आहे आणि आमच्या घराण्याचे त्यातले सगळे वृक्ष या सैनिकापाशी जातात. सगळे एकमेकांवरून उतरवलेले. वीस जणांनी लिहिलं म्हणून वीस पुरावे होत नाहीत.

त्या उन्हाळ्यात आम्ही डीएनए चाचणीही करून घेतली. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, त्यामुळे आडनावाच्या सरळ वाटेवरचा पुरुष लागतो. सासूबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे मामेसासरे, तयार झाले. गालाच्या आतून काडी फिरवून पाठवायची, खर्च सुमारे १२० डॉलर, निकालाला दोन-अडीच महिने. सेल लागतात तेव्हा थोडं स्वस्त पडतं. निकाल आला तो सैनिकाच्या एका वंशजाशी जुळणारा. घरात जल्लोष झाला, मामेसासऱ्यांनी सगळ्या चुलत भावंडांना कळवून टाकलं की आत्याच बरोबर होती. मला तो आनंद मोडवेना, पण सांगावं लागलं. या चाचणीने दोन माणसांचा पुरुषाकडचा पूर्वज एक आहे एवढंच कळतं. सैनिक हा मूळ पुरुषाचा बाप होता, काका होता की चुलत आजोबा, हे ती सांगत नाही. सैनिक आपल्या रक्ताचा आहे हे पक्कं झालं, बापच आहे हे नाही.

मग उरले कर. केंटकीची १७९० आणि १८०० ची जनगणना उरलेलीच नाही, त्यामुळे तिथल्या सगळ्यांचा भरवसा कराच्या याद्यांवर. १७९२ मध्ये केंटकी वेगळं राज्य झालं तेव्हापासून या याद्या बऱ्याच सलग मिळतात. नाव, २१ वर्षांवरचे गोरे पुरुष किती, १६ ते २१ मधले किती, गुलाम किती, घोडे किती, जमीन किती एकर, कोणत्या ओढ्यावर, आणि ती जमीन मुळात कोणाच्या नावे मोजली गेली. रकाने कंटाळवाणे वाटतील, पण दरवर्षी नोंद असल्यामुळे माणूस मोठा होताना, घोडा घेताना, मरताना दिसतो. त्या हिवाळ्यात मी रोज रात्री एक वर्ष वाचत गेले. एक मोठा तक्ता केला, आडनाव असलेला प्रत्येक माणूस एका ओळीत, प्रत्येक साल एका रकान्यात.

मूळ पुरुष १८०७ मध्ये पहिल्यांदा स्वतःच्या नावाने येतो. जमीन नाही, घोडा एक. म्हणजे त्या वर्षी २१ पूर्ण. १८१२ मध्ये त्याच नावाचा दुसरा येतो, त्याच्या नावापुढे सैनिकाचं नाव आणि ‘मुलगा’ असा खुलासा. करवसुली करणाऱ्यालाही दोघांत घोटाळा होत होता, म्हणून त्याने लिहून ठेवलं. त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत.

१८०७ च्या आधी मात्र मूळ पुरुषाचा माग नाही, कारण अज्ञान मुलाचं नाव यादीत नसतं. म्हणून मी त्याला सोडलं आणि जमिनीच्या मागे लागले. आडनावाची दोनच कुटुंबं गिल्बर्ट्स क्रीक नावाच्या ओढ्यावर होती. एक सैनिक. दुसऱ्या गृहस्थाची २०० एकर १७९५ पर्यंत दरवर्षी आहे. मग तो नाहीसा होतो, आणि १७९७ पासून तितकीच जमीन, तोच ओढा, नाव एका बाईचं. विधवा. तक्त्यात ही जागा दिसली त्या रात्री मला झोप लागली नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी लागते, तिच्यावाचून निम्मे कागद हुकतात. ओढा जागचा हलला नाही, पण काउंटी बदलली. आजच्या गॅरर्डचा हा भाग आधी लिंकन काउंटीत होता, गॅरर्ड वेगळी झाली १७९७ मध्ये. त्याच्याही मागे गेलं तर १७७६ पर्यंत सगळा केंटकी व्हर्जिनियाच्या फिनकॅसल काउंटीत, मग केंटकी काउंटी, मग १७८० मध्ये तिचे जेफरसन, फेएट आणि लिंकन असे तीन तुकडे. माणूस एका झोपडीत जन्मून तिथेच मेला तरी त्याचे कागद तीन कचेऱ्यांत असू शकतात. आपल्याकडे तालुका फुटला की फेरफार शोधायला जुन्या कचेरीत जावं लागतं, तसंच. दुसरा गृहस्थ १७९६ मध्ये गेला असेल तर त्याच्या मालमत्तेचे कागद लिंकनमध्ये, आणि मुलांचे कागद गॅरर्डमध्ये.

एप्रिल २०२४ मध्ये आम्ही निघालो. सासूबाई, नवरा आणि मी. सिनसिनाटीहून लेक्सिंग्टन, मग २७ नंबरच्या रस्त्याने दक्षिणेला. आधी लँकेस्टर लागतं, ते गॅरर्डचं ठाणं, तिथून वीसेक मिनिटांवर स्टॅनफर्ड, लिंकनचं. लिंकन काउंटीचं दप्तर केंटकीतल्या सर्वांत जुन्या दप्तरांपैकी आहे. जाण्याआधी फोन करून वेळ, सुट्टी आणि जुन्या वह्या कुठल्या खोलीत आहेत ते विचारून घ्या, कारण त्याच काउंटरवर गाड्यांच्या नंबरप्लेटचीही कामं चालतात आणि महिनाअखेरीला गर्दी असते. वह्या जड असतात, सासूबाईंसाठी खुर्ची मागून घेतली. प्रतींचे दर तेव्हा पानागणिक पन्नास सेंट होते, म्हणून नोटांबरोबर चिल्लरही ठेवा. अक्षराची सवय व्हायला तासभर लागतो. दोन ‘एस’ शेजारी आले की पहिला ‘एफ’सारखा दिसतो, तेवढं ध्यानात ठेवलं की बरंचसं सुटतं.

स्टॅनफर्डला मालमत्तेची यादी मिळाली, १७९६ ची. शेजाऱ्यांनी घरात फिरून एकेक वस्तू लिहिलेली, किंमत पौंड आणि शिलिंगमध्ये. घोडी आणि शिंगरू, नांगराचा फाळ, दोन पलंगांचं अंथरूण, कथलाच्या ताटल्या, माग, करवत. आणि नांगराच्या खालच्या ओळीत एक गुलाम बाई आणि तिचं लेकरू. दोघांची नावं होती, पुढे किंमत होती, आणि ती बाकी सगळ्या यादीच्या बेरजेपेक्षा जास्त होती. सासूबाईंनी ती ओळ दोनदा वाचली. “हे आत्याच्या कागदात कुठेच नव्हतं,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः ती नावं वहीत उतरवून घेतली.

आफ्रिकन अमेरिकन कुटुंबांना १८७० च्या मागे जाणं किती अवघड असतं हे तेव्हा मला नीट कळलं. बहुतेकांचे पूर्वज जनगणनेत नावानिशी पहिल्यांदा त्या वर्षी येतात. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांची वेगळी यादी केली, तिच्यात मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, वर्ण. त्यांची नावं असतात ती अशा मालमत्तेच्या याद्यांत, मृत्युपत्रांत, खरेदीखतांत, म्हणजे आमच्यासारख्यांच्या पूर्वजांच्या कागदांत. तुम्हाला अशी ओळ दिसली तर ती गाळून पुढे जाऊ नका. नाव, वर्ष, काउंटी, वहीचं पान लिहून घ्या आणि विकिट्रीसारख्या मोफत वृक्षावर ठेवा. तिथे कृष्णवर्णीयांच्या वारशाचा वेगळा प्रकल्प चालतो. आम्ही त्या दोघांची नोंद मूळ पुरुषाच्या नोंदीच्याही आधी केली.

दुसऱ्या दिवशी लँकेस्टर. तिथे कोर्टाच्या रोजच्या कामाच्या वह्या आहेत. रस्तादुरुस्ती कोण करणार, गिरणीला परवानगी, लांडग्याच्या कातड्याचं बक्षीस, आणि यांच्या मधेमधे पोरक्या मुलांचे हुकूम. बाप वारला की आई हयात असली तरी कोर्ट पालक नेमत असे. मूल चौदाच्या आतलं असेल तर कोर्ट निवडे, चौदा पूर्ण झाली की मुलाला स्वतः कोर्टात येऊन पालक निवडता येई. १८०१ च्या पानावर दुपारी सासूबाईंचं बोट थांबलं. मूळ पुरुषाचं नाव, त्याच्या पुढे ‘मयत अमक्याचा मुलगा’ म्हणून दुसऱ्या गृहस्थाचं नाव, त्याने कोर्टात येऊन पालक निवडला आणि कोर्टाने मान्यता दिली. पालक कोण, तर सैनिक.

काका बरोबर होते. आत्याही अर्ध्या बरोबर होत्या. मुलगा वाढला सैनिकाच्या सावलीत, म्हणून नातवंडांनी त्यालाच बाप मानलं असेल. सासूबाई त्या खोलीत रडल्या, आणि खिडकीपाशी बसलेली क्लार्क बाई न विचारता पाण्याचा ग्लास घेऊन आली.

हे इथे थांबवता आलं असतं. पण मामेसासऱ्यांनी रास्त शंका काढली. १८०१ चा हा मुलगा आणि १८०७ चा करदाता एकच कशावरून? आडनावात आधीच एकाच नावाचे दोघे होते, तिसरा नसेल कशावरून? मूळ पुरुषाच्या लग्नाचा जामीनकतबा आमच्याकडे होता, १८०८ चा. केंटकीत तेव्हा नवऱ्यामुलाला एका जामीनदारासह पन्नास पौंडांचा कतबा लिहून द्यावा लागे, की या लग्नाला कायद्याची काही आडकाठी नाही. जामीनदार बहुधा मुलीकडचा, आमच्या कतब्यावर मुलीचा भाऊ. अब्राहम लिंकनच्या आईबापांचा असाच कतबा तिथल्याच वॉशिंग्टन काउंटीत आहे, जून १८०६ चा. लिंकनची आई नॅन्सी हँक्स, तिची आई कोण यावरही पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला, आणि २०१५ मध्ये आईकडून लेकीकडे जाणाऱ्या डीएनएच्या अभ्यासाने ती लूसी हँक्सची मुलगी असल्याच्या बाजूने कौल दिला. राष्ट्राध्यक्षाच्या आजीचं उत्तर मिळायला एवढा काळ लागतो, तर आपण धीर धरायला हवा, असं मी मामेसासऱ्यांना म्हटलं.

हवी होती अशी एक जागा जिथे बाप, मुलगा आणि सून एकत्र लिहिले आहेत. लँकेस्टरला खरेदीखतांच्या सूचीत ती सापडली नव्हती. लिहून देणाऱ्यांच्या सूचीत आडनावाखाली सगळी पानं पाहिली, वारसांचं खत नव्हतं. २०२४ च्या सुरुवातीला फॅमिलीसर्चने एक नवी सोय आणली होती, जुन्या हस्ताक्षरातला मजकूर संगणकच वाचतो आणि वहीच्या आतल्या कोणत्याही नावाने शोध घेता येतो. त्यात मी ओढ्याचं नाव आणि विधवेचं नाव घातलं. १८०९ चं खत वर आलं. सूचीत ते भलत्याच आडनावाखाली होतं, कारण खताची सुरुवात थोरल्या जावयाच्या नावाने होती आणि सूचीत तेवढंच लिहून पुढे ‘आणि इतर’ असं टाकलेलं. त्या ‘इतर’मध्ये आमचा मूळ पुरुष होता. घराण्यातल्या मुलींच्या सासरची आडनावं आधी काढून ठेवा आणि सूचीत त्यांच्याखालीही पाहा, हे मी आता सगळ्यांना सांगते.

खतात लिहिलं आहे की खाली सह्या करणारे मयत अमक्याचे वारस असून गिल्बर्ट्स क्रीकवरची त्याची २०० एकर जमीन विकत आहेत, विधवेचा तहहयात तिसरा हिस्सा राखून. वारसांत मूळ पुरुष आणि त्याची बायको. बायकोचं नाव तेच, कतब्यावरचं, आणि ते काही दर घरात आढळणारं नाव नव्हे. खाली कारकुनाने नोंदवलं आहे की बायकांना नवऱ्यांपासून वेगळं नेऊन विचारलं, त्या राजीखुशीने हक्क सोडत आहेत. ही चौकशी कायद्याने करावीच लागे, आणि केवळ तिच्यामुळे सुनांची नावं कागदावर आली.

हे खत मुळात झालं कशामुळे, तेही सांगण्यासारखं आहे. व्हर्जिनियात १७८७ पर्यंत मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. मे १७८६ मध्ये अब्राहम लिंकनचे आजोबा मारले गेले, सगळी जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली आणि धाकटा थॉमस, म्हणजे लिंकनचा बाप, रिकाम्या हाताने वाढला. नवा कायदा १ जानेवारी १७८७ पासून लागू झाला आणि सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळू लागला. आमचा गृहस्थ १७९६ मध्ये गेला, म्हणून सगळ्या वारसांना खतावर यावं लागलं. तो दहा वर्षं आधी गेला असता तर धाकट्या मुलाचं नाव या कागदावर आलंच नसतं.

राहिलं सैनिकाशी नातं. केंटकीच्या भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुन्या मोजण्यांच्या प्रतिमा मोफत आहेत. मोजणीत चतुःसीमा अशा लिहितात की या दोन शुगर ट्रीपासून (एक प्रकारचा मेपल) ईशान्येला १२० पोल, तिथे ओढ्याकाठी एक बकआयचं झाड. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. नवऱ्याने आलेखाचा कागद आणि कोनमापक घेऊन दोन्ही जमिनी काढल्या. एक लांब बाजू सामाईक निघाली. आणि मोजणीच्या तळाशी साखळी धरणाऱ्यांची नावं असतात, बहुतेक वेळा घरचीच माणसं. दुसऱ्या गृहस्थाच्या मोजणीत साखळीचं एक टोक सैनिकाने धरलं होतं. शेजार, साखळी, पालकत्व आणि वाय गुणसूत्र, चारही एकाच बाजूला जातात, तरी दोघे भाऊ असं स्वच्छ लिहिलेला कागद नाही. वंशावळीत आम्ही ‘बहुधा भाऊ’ असं लिहिलं आणि त्याखाली चारही कारणं दिली. सासूबाईंची एक भाची क्रांतिकन्यांच्या (डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन) संस्थेत सैनिकाची वंशज म्हणून अर्ज करणार होती. तिथे थेट वंशज असावं लागतं, त्यामुळे तिने अर्ज थांबवला. तिला वाईट वाटलं, ते साहजिक आहे.

सैनिकाने कोर्टात ‘बापाबरोबर रोवनला आलो’ असं सांगितलं, पण बापाचं नाव सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही. तेव्हा आता नॉर्थ कॅरोलायना. रोवनच्या कोर्टाच्या वह्यांच्या प्रतिमा आम्ही १७६० पासून वाचायला घेतल्या आहेत. सासूबाई डावीकडची पानं वाचतात, मी उजवीकडची. आडनाव दिसलं की साक्षीदार आणि शेजारी यांच्यासकट सगळं तक्त्यात जातं. १७७२ पर्यंत आलो आहोत.